चित्रे तीच, आवाज वेगळे : आपले आरोग्य व्हिडिओ कसे तयार होतात



गेल्या अंकात सिकलसेलच्या व्हिडिओचा दोन ओळींत उल्लेख आला होता. तो वाचून काही जणांनी विचारले, की तुम्ही चित्रीकरण न करता नुसती स्थिर चित्रे एकामागून एक दाखवून त्यावर आवाज का देता? एका ज्येष्ठ दात्यांनी चांगला कॅमेरा घेऊन देण्याची तयारीही दाखवली. त्यांचे मनापासून आभार. पण अडचण कॅमेऱ्याची नाही. संगणकावरच्या स्लाइड आणि मोबाईलवर रेकॉर्ड केलेला आवाज ही पद्धत आम्ही विचारपूर्वक निवडली आहे, आणि त्या पद्धतीत एक गंभीर चूकही करून बसलो आहोत. दोन्ही गोष्टी आपल्याला सांगायला हव्यात, कारण हे काम आपल्या देणग्यांवर चालते.

आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत आणि साक्षरता सुमारे ६४ टक्के आहे. धडगाव आणि अक्कलकुव्याच्या डोंगरात ती त्याहून बरीच कमी आहे. धडगावकडे पावरी बोलतात, मोलगीच्या बाजूला नोयरी आणि वसावी, नवापूरला मावची, सपाटीवर अहिराणी आणि गुजरी. मराठी ही शाळेची आणि कचेरीची भाषा. घरात आजी नातवाशी मराठीत बोलत नाही. म्हणजे मराठी पत्रक छापून वाटले तर ते दोनदा अडते: एकदा वाचता न येणाऱ्यापाशी, आणि दुसऱ्यांदा वाचता येते पण मनाला भिडत नाही अशा माणसापाशी.

कॅमेऱ्याने एकदा पावरीत चित्रीकरण केले, की ते पावरीतच राहते. ओठ पावरी बोलतात, त्यावर मावची आवाज चढवला तर लोक हसतात. कपडे, दागिने, घराची बांधणी यावरूनही माणसे लगेच ओळखतात की हे आपल्याकडचे नाहीत, आणि "हे त्यांचं आहे" असे म्हणून उठून जातात. साध्या चित्रांचे तसे होत नाही. चित्रांचा एकच संच ठेवायचा, त्यावर एकही अक्षर लिहायचे नाही, आणि प्रत्येक बोलीसाठी फक्त आवाज बदलायचा. एखादे वाक्य चुकले तर त्या एकाच स्लाइडचा आवाज पुन्हा रेकॉर्ड करायचा. सगळे नव्याने करावे लागत नाही.

ही युक्ती आमची नाही, फार जुनी आहे. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर समाजातले चित्रकथी एकेक चित्र समोर धरून गोष्ट सांगत आले आहेत. त्या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी १८९२ पासून 'शांबरिक खरोलिका' या नावाने काचेवर रंगवलेली चित्रे कंदिलाच्या उजेडात पडद्यावर दाखवली आणि बरोबर निवेदन ठेवले. मिशनच्या कामातही हे आहेच. जॉय रिडरहॉफ या बाईंनी १९३९ मध्ये 'गॉस्पेल रेकॉर्डिंग्ज' हे काम सुरू केले. पुढे त्यांच्या संस्थेने चाळीस चित्रांचा संच आणि त्याबरोबर ऐकायचे ध्वनिमुद्रण अशी जोडी असंख्य भाषांसाठी तयार केली. वीज नसलेल्या गावांसाठी हाताने फिरवायचा पुठ्ठ्याचा ग्रामोफोनही त्यांनी काढला होता. पुठ्ठ्याच्या ग्रामोफोनच्या जागी आज मोबाईल आला आहे, इतकाच फरक.

आता आमच्या पहिल्या प्रयत्नाविषयी. सिकलसेल हा विषय इथे का घ्यावा लागतो हे नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. रक्तातील तांबड्या पेशी गोल आणि लवचिक असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, लवकर तुटतात. त्यामुळे अंगात रक्त कमी राहते, डोळे पिवळे दिसतात, सांधे आणि हाडे असह्य दुखतात, लहान बाळांचे हातपाय सुजतात. हा आजार आईवडिलांकडून येतो. स्पर्शाने किंवा उष्ट्याने होत नाही, आणि तो कोणाच्या पापाची शिक्षाही नाही. हे शेवटचे मला मंडळीतही पुन्हा पुन्हा सांगावे लागते. भारतात हा आजार प्रथम १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये आढळला. आपल्या सातपुड्यातही तो बराच आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासणीचे पथक गावात येते तेव्हा लोकांना आधी काहीतरी माहीत असावे, म्हणून आम्ही व्हिडिओ करायचे ठरवले.

पहिला व्हिडिओ मी एकट्याने, मराठीत केला. एका माहितीपुस्तिकेतील मजकूर बावीस स्लाइडवर उतरवला आणि गंभीर आवाजात वाचून काढला. कार्यकर्त्यांच्या बैठकीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाड्यावर दाखवला तेव्हा पाचव्या स्लाइडला मुले कोंबडीच्या मागे पळाली आणि बाराव्या स्लाइडला बायका चुलीकडे गेल्या. एक आजोबा मात्र शेवटपर्यंत बसले. संपल्यावर त्यांनी विचारले, "हे एसटीवाल्यांना होतं का?" मला काही कळेना. मग लक्षात आले, मी 'वाहक, वाहक' म्हणत होतो, आणि आजोबांना ठाऊक असलेला वाहक म्हणजे धडगावच्या गाडीत तिकीट फाडणारा कंडक्टर. तो व्हिडिओ मी पुन्हा कुठे दाखवला नाही.

दुसऱ्या वेळी मजकूर काढून टाकला, चित्रे काढून घेतली आणि एका महाविद्यालयीन तरुणाकडून पावरीत आवाज घेतला. हा व्हिडिओ लोकांना आवडला. आम्ही तो तीसेक पाड्यांवर दाखवला. आणि त्यातच ती चूक होती.

आई आणि वडील दोघांच्याही अंगात हा दोष असेल, पण दोघेही स्वतः आजारी नसतील, तर त्यांच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. पुस्तकात असेच लिहिलेले असते, आणि आम्हीही तसेच सांगितले. चित्रात आईवडील वर उभे होते आणि खाली ओळीने चार मुले. एक पांढऱ्या रंगात, दोन अर्धी पांढरी अर्धी तांबडी, एक पूर्ण तांबडे. शास्त्राच्या दृष्टीने त्यात काहीही चुकलेले नव्हते.

दीड-दोन वर्षांनी धडगाव तालुक्यातील एका पाड्यावरचे जोडपे त्यांचे नऊ महिन्यांचे बाळ घेऊन आमच्याकडे आले. बाळाचे दोन्ही हात आणि पाय सुजले होते, ते सतत किंचाळत होते. त्यांचा थोरला मुलगा आधीपासून सिकलसेलचा रुग्ण आहे. तो आम्हाला माहीत होता, कारण तपासणीला त्याला आम्हीच नेले होते. बाळाला लगेच दवाखान्यात हलवले. वाटेत त्याचे वडील मला म्हणाले, "दादा, तुमच्या त्या सिनेमात चारातलं एक म्हटलं होतं. आमचं एक झालं होतं ना. मग पुढचे तीन चांगले येतील असं आम्ही धरलं."

त्यांनी आमचा व्हिडिओ नीट पाहिला होता, मन लावून पाहिला होता. चित्रात चार मुले होती, त्यातले एक तांबडे होते, आणि ते तांबडे मूल त्यांच्या घरी आधीच जन्मले होते. त्यांनी जे समजून घेतले तेच आमच्या चित्राने सांगितले होते. पाड्यावरचे दुर्लक्ष मी सहन करू शकतो. मन लावून पाहणाऱ्याची आमच्यामुळे फसगत व्हावी हे मला फार जड गेले. त्या रात्री प्रार्थनेला बसलो तर शब्द सुचेनात. दुसऱ्या दिवशी आम्ही ती फाईल सगळ्या मोबाईलमधून काढायला सुरुवात केली. अर्थात, जी पुढे पुढे गेली होती ती परत मिळणे शक्य नव्हते.

नवीन व्हिडिओत ही एकच गोष्ट समजावण्यासाठी आम्ही एकूण अठरा स्लाइडपैकी सात वापरल्या आहेत. सातपुड्यात मका घरोघरी असतो आणि एकाच कणसात पांढरे व तांबडे दाणे असलेलेही सगळ्यांनी पाहिलेले असते. म्हणून चित्रात आईच्या ओंजळीत दोन दाणे आहेत, एक पांढरा, एक तांबडा. वडिलांच्या ओंजळीतही तसेच दोन. बाळ जन्मते तेव्हा आईकडून एक दाणा घेते आणि वडिलांकडून एक. कोणता घ्यायचा हे डोळे मिटून. दोन्ही तांबडे आले तर आजार. एक तांबडा, एक पांढरा आला तर मूल आईवडिलांसारखेच, आजारी नाही पण दाणा अंगात असलेले. दोन्ही पांढरे आले तर काहीच नाही. पुढच्या स्लाइडवर तेच आईवडील पुन्हा उभे आहेत, आणि त्यांच्या ओंजळीत पुन्हा तेच दोन-दोन दाणे आहेत. दाणे संपत नाहीत. दुसरे बाळही डोळे मिटूनच घेते. पहिल्याने काय घेतले हे त्याला माहीत नसते.

व्हिडिओ संपला की आम्ही खरे दाणे काढतो आणि दोन जणांच्या हातात देतो. मुलांना डोळे मिटून उचलायला लावतो. कधी लागोपाठ दोनदा तांबडे-तांबडे येते, कधी दहा वेळा येत नाही. हा खेळ पाहिल्यावर जे कळते ते माझ्या अर्ध्या तासाच्या भाषणाने कळत नाही. आणि मग एकच प्रश्न विचारतो: "एका घरात पहिले मूल आजारी आहे. दुसऱ्याचे काय होईल?" "सांगता येत नाही, तेवढीच भीती" असे उत्तर आले तर व्हिडिओ चालला. "आता चांगले होईल" असे आले तर नाही चालला. लोकांना कळले का, असे विचारू नये. सगळे "हो" म्हणतात, पाहुण्याचा मान राखतात.

ही नवीन चित्रे आम्ही सर्वांत आधी त्याच जोडप्याला दाखवली. वडिलांनी दाणे हातात घेऊन दोन-तीनदा उचलून पाहिले. मग म्हणाले, "हे तेव्हा का नाही दाखवलं?" मी माफी मागितली. त्यांची दोन्ही मुले आता सरकारी दवाखान्यातून फॉलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सीयुरिया घेतात आणि नियमित तपासणीला येतात.

आता कामाची पद्धत. ज्या मंडळ्यांमधील तरुण संघ असे काही करू पाहत आहेत त्यांना उपयोग होईल म्हणून जरा तपशिलात सांगतो.

आधी संगणक उघडायचा नाही. आधी ठरवायचे की पाहणाऱ्याने उठून जाताना कोणती एक गोष्ट करावी. आमच्या व्हिडिओत ती होती: लग्नाआधी आणि बाळंतपणाआधी रक्त तपासून घ्या. बाकी सगळे त्यासाठी. मग वहीत दोन रकाने आखायचे, डावीकडे चित्र, उजवीकडे त्यावर बोलायचे वाक्य. एका चित्रावर दोन-तीन वाक्यांपेक्षा जास्त बोलणे आले तर चित्र तोडून दोन करायचे. पूर्ण व्हिडिओ पाच मिनिटांच्या आत बसवायचा. मला थिऑलॉजीच्या अभ्यासात तीन मुद्द्यांचे प्रवचन शिकवले होते. इथे एकाच मुद्द्यात भागवावे लागते.

चित्रे काढून झाली की आवाजाशिवाय दाखवायची आणि "काय दिसतं?" एवढेच विचारायचे. इथे आम्ही सर्वांत जास्त शिकलो. रक्तवाहिनीचा मोठा करून दाखवलेला काप कोणालाच कळला नाही. वाकड्या पेशी लोकांना जंत वाटल्या, आणि एका बाईंनी "जंताची गोळी मिळेल का" असे विचारलेही. म्हणून आता आधी माणूस, मग त्याचा हात, मग हातातली शीर, आणि मग नळीतून धावणारे गोल दाणे असे पायरीपायरीने जातो. विळ्याचा आकार दाखवताना शेजारी खरा विळा काढतो. चुकीच्या गोष्टीवर लाल फुली मारण्याची आपली सवय शाळेतली आहे, ज्यांनी शाळा पाहिली नाही त्यांना ती कळत नाही. शिवाय आमच्या एका ख्रिस्ती पाड्यावर फुली पाहून, हे आपल्या देवळाचे चित्र आहे, असे काहींनी सांगितले! तेव्हापासून फुली बंद. नको असलेली गोष्ट मान हलवणाऱ्या माणसाच्या चित्राने दाखवतो.

आवाजासाठी सुशिक्षित माणूसच हवा हा माझा समज होता. तो तरुण उत्तम पावरी बोलतो, पण कागद हातात आला की त्याच्या बोलण्यात 'रक्तपेशी', 'अनुवंशिक', 'प्रमाण' असे शब्द शिरत. नवीन व्हिडिओचा आवाज बचत गटातील एका ताईंचा आहे. त्यांना वाचायला जड जाते, म्हणून कागद दिलाच नाही. एकेक चित्र समोर ठेवले, त्याचा अर्थ समजावला, आणि "तुमच्या सुनेला सांगाल तसं सांगा" एवढेच म्हटले. त्या सांगत गेल्या. 'वाहक' या शब्दाच्या जागी, हा माणूस धडधाकट आहे, पण तांबडा दाणा त्याच्या अंगात आहे, अशा अर्थाचे वाक्य त्यांनीच जुळवले.

मात्र अशा मोकळ्या बोलण्यात चूक शिरू शकते. त्यासाठी पवित्र शास्त्राचे भाषांतर करणारे लोक जी रीत पाळतात तीच आम्ही पाळतो. ज्याने मूळ मजकूर पाहिलेला नाही अशा दुसऱ्या माणसाला ध्वनिमुद्रण ऐकवायचे आणि त्याने ते वाक्यावाक्याने परत मराठीत सांगायचे. ते आम्ही लिहून काढतो आणि डॉक्टरांना दाखवतो. या उलट भाषांतरात एकदा सापडले, की "पाणी भरपूर प्या" या वाक्याचा अर्थ "भरपूर प्या" एवढाच होत होता. सिकलसेलच्या माणसाला पाणी कमी पडले की दुखणे उसळते, आणि त्याला दारू प्या असा अर्थ लागला असता तर काय झाले असते!

ध्वनिमुद्रणाला स्टुडिओ लागत नाही. आम्ही एका खोलीत दोरीवर तीन गोधड्या टांगतो, खालीही एक अंथरतो. पंखा बंद, मोबाईल विमानाच्या चिन्हावर. कॉलरला लावायचा काही शे रुपयांचा माइक पुरतो. तो नसेल तर मोबाईल तोंडापासून एक वीत दूर, जरा बाजूला धरायचा, म्हणजे श्वासाचा फुस्कारा येत नाही. वेळ रात्री नऊनंतरची, कारण पहाटे कोंबडे असतात. पावसाळ्यात पत्र्याखाली प्रयत्नच करू नये. प्रत्येक चित्राचा आवाज वेगळ्या फाईलमध्ये घ्यायचा आणि फाईलला चित्राचाच क्रमांक द्यायचा. सुरुवातीला आम्ही सलग रेकॉर्ड केले होते. बाहेर मोटारसायकल गेली की सगळे पहिल्यापासून.

मग पॉवरपॉइंटमध्ये प्रत्येक स्लाइडवर तिचा आवाज 'इन्सर्ट' मधून घालायचा, तो आपोआप सुरू होईल असे ठरवायचे, आणि स्लाइड किती वेळ राहील ते आवाजापेक्षा दोन सेकंद जास्त ठेवायचे. ती दोन सेकंदांची शांतता महत्त्वाची आहे. तेवढ्यात शेजारची बाई दुसरीला समजावून सांगते. वेळ ठरवलीच नाही तर पॉवरपॉइंट प्रत्येक स्लाइड स्वतःहून पाच सेकंदांत पुढे ढकलतो. थेट 'रेकॉर्ड' करत बोलणेही शक्य आहे, पण मग स्लाइड बदलत असताना बोलू नका. त्या क्षणीचा आवाज नोंदला जात नाही आणि वाक्याचे शेपूट तुटते. शेवटी 'फाइल', 'एक्सपोर्ट', 'क्रिएट अ व्हिडिओ'. तिथे सर्वांत मोठा आकार निवडण्याचा मोह होतो. आम्ही सर्वांत लहान, ४८० चा निवडतो. पाड्यावरचा मोबाईल लहान असतो, स्थिर चित्रांची फाईल अशी हलकी होते, आणि अक्षरेच नसल्याने पुढे पाठवताना चित्र थोडे पुसट झाले तरी बिघडत नाही.

सावधगिरीची एक गोष्ट. मराठी अक्षरे कुठे वापरलीच, समजा कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणासाठी, तर ती युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमध्ये केलेले सादरीकरण दुसऱ्या संगणकावर उघडले की गिचमिड दिसते. हे मी भर कार्यक्रमात अनुभवले आहे.

व्हिडिओ पोहोचवायचा कसा? डोंगरात अजून अनेक ठिकाणी रेंज नाही, तेव्हा यूट्यूबवर टाकला म्हणजे पोहोचला असे होत नाही. मोबाईलमधून मोबाईलमध्ये, मेमरी कार्डावर, आठवडे बाजारात गाणी भरून देणाऱ्या दुकानदारांच्या मदतीने, अशा वाटांनी तो जातो. आणि वेळ पाळावी लागते. दिवाळीनंतर घरेच्या घरे गुजरातेत ऊसतोडीला जातात, होळीला परततात. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात सगळी माणसे एकत्र भेटतात, तेव्हा. ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी तर दिवाळीच्या आधी पोहोचणे जास्त गरजेचे, कारण थंडी, उन्हातली मेहनत आणि पाण्याची टंचाई ही तिन्ही दुखणे उसळवणारी कारणे त्यांना तिकडेच गाठतात. व्हिडिओच्या शेवटी १०८ चा आकडा आवाजात येतो, तीनदा.

आता दोन प्रश्न, जे काही दात्यांनी प्रेमाने पण स्पष्टपणे विचारले. पहिला, व्हिडिओत आजारी मुलांचे खरे फोटो का नाहीत, ते पाहून लोकांचे मन द्रवले असते. द्रवले असते, हे खरे. पण इथे सगळे एकमेकांना ओळखतात. ज्या मुलीचा चेहरा त्या व्हिडिओत येईल तिच्या लग्नाची बोलणी दहा गावांत अडतील. म्हणून चित्रेच, आणि तीही कोणा एकाच्या तोंडावळ्याची नाहीत.

दुसरा प्रश्न, शेवटी एखादे वचन किंवा प्रार्थना का नाही. माझे उत्तर काहींना पटणार नाही, तरी देतो. हा व्हिडिओ अंगणवाडीत दाखवला जातो, ख्रिस्ती नसलेल्या घरांत दाखवला जातो. आजाराच्या भीतीने बसलेल्या माणसापुढे औषधाच्या माहितीबरोबर धर्म ठेवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही, आणि तपासणीला येण्यासाठी आमचा धर्म मानावा लागतो असा गैरसमज झाला तर एखादे मूल तपासणीविना राहील. प्रभू येशूने बरे केलेल्या सर्वांना आधी काही कबूल करायला लावले नव्हते. आमच्या उपासनेत आम्ही प्रार्थना करतो, मोठ्याने करतो. व्हिडिओत नाही. पन्नासाव्या दिवसाच्या सणाला प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आले, हे प्रेषितांच्या कृत्यांत आपण वाचतो. भाषेचा हा मान आम्ही आरोग्याच्या कामातही राखू पाहतो.

पाळकांना एक विनंती. लग्नाआधी वधूवरांना बोलावून समजावता तेव्हा दोघांनी रक्त तपासले आहे का, हेही विचारा. गावातील साध्या तपासणीत दोष आहे की नाही एवढेच कळते. आजार आहे की नुसता दाणा अंगात आहे, हे कळायला पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी लागते. दोघांपैकी एकाच्याच अंगात तांबडा दाणा असेल, तर मुलांना आजार होत नाही. दोघांच्या अंगात असेल, तर लग्न करू नका असे सांगणे आपले काम नाही. पण त्यांना हे लग्नाआधी माहीत असायला हवे, आणि गरोदरपणात लवकर डॉक्टरांकडे जावे हेही. मक्याचे दाणे आम्ही पाठवू, किंवा तुमच्या गावातलेच घ्या.

पावरी व्हिडिओ तयार आहे. मावचीचा आवाज रेकॉर्ड झाला आहे, उलट भाषांतर चालू आहे. वसावीसाठी मोलगीकडच्या एक आजी तयार झाल्या आहेत, पण त्या आधी भात कापून होऊ द्या म्हणतात. दात्यांनी देऊ केलेल्या कॅमेऱ्याऐवजी आम्हाला मेमरी कार्ड बसते असे चार-पाच वापरलेले मोबाईल आणि एक छोटा बॅटरीवरचा स्पीकर मिळाला तर फार उपयोग होईल. आजींच्या खोकल्यासाठी प्रार्थना करा. लोक उसाला निघण्यापूर्वी त्यांचे ध्वनिमुद्रण उरकायचे आहे.